भीमथडीचा ठावठिकाणा

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले आणि भीमथडी हे नाव शाळाशाळांतून मुलांच्या तोंडी बसले. आमच्या पिढीला ते नवीन नव्हतेच. श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा खडा आवाज ऐकतच आम्ही वाढलो आणि त्यातल्या घोड्यांचा उल्लेख आला की छाती दोन बोटे फुगवून घेत आलो. पण एखाद्या चौकस चिरंजीवाने भूगोलाचे पुस्तक पुढे करून विचारले, “बाबा, यात भीमथडी कुठे आहे?” तर त्या फुगलेल्या छातीचे काय करावे? गोदावरी दाखवता येते, कृष्णा दाखवता येते. भीमथडीवर मात्र बोट ठेवता येत नाही. जिल्ह्यांच्या यादीत ती नाही, तालुक्यांच्या यादीत नाही, टपालाच्या पत्त्यातही नाही.

म्हटले, जिथले नाव तिथेच चौकशी करावी. बारामतीच्या बसस्थानकावर एका शिकल्यासवरल्या तरुणाला मी विचारले. तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, “भीमथडी ना? ती पुण्यात असते, काका. डिसेंबरात भरते.” त्याचे तरी काय चुकले! बारामतीकरांच्याच पुढाकाराने पुण्यात दर वर्षी ‘भीमथडी जत्रा’ भरते. तिथे हुरडा मिळतो, मासवडी मिळते, घोंगड्या आणि बचतगटांच्या चटण्या मिळतात, आणि पुणेकर मंडळी मोटारी लावायला जागा शोधत दोन प्रदक्षिणा घालतात. मुलखाचे नाव मुलूख सोडून मुठेकाठी बिऱ्हाड करून राहिले आहे, आणि ज्या गावाच्या कचेरीवर एके काळी त्या नावाची पाटी होती तिथला तरुण पुण्याकडे बोट दाखवतो आहे. हे असे कसे झाले, याची हकीकत मला मोठी उद्बोधक वाटली.

आधी शब्दाकडे पाहू. थडी म्हणजे काठ. ऐलथडी, पैलथडी हे शब्द अजून कवितेत भेटतात. रोजच्या बोलण्यातून मात्र थडी उठून गेली. पूर्वी देशावरचा माणूस आपला मुलूख नदीच्या काठाने ओळखत असे. गोदावरीचा काठ ती गंगथडी, भीमेचा ती भीमथडी, नीरेचा ती नीरथडी आणि माणगंगेचा तो माणदेश. सह्याद्रीला लागून मावळ आणि खोरी, जेजुरी-सासवडच्या अंगाला कऱ्हेपठार. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात या थड्यांची नावे आली आहेत आणि तिथल्या घोड्यांची तारीफही आहे.

अशा नावांना चतुःसीमा नसतात. आजोळ म्हणजे नेमके कोठून कोठपर्यंत, असे आपण कधी विचारतो का? नदीला लागून असलेली काळी गाळाची जमीन, उन्हाळ्यात पात्राशेजारी टिकून राहणारे गवत, त्या गवतावर पोसलेली काटक, बुटकी, चिवट घोडी, आणि ही घोडी पाळून स्वारीशिकारीला, लष्कराला पुरवणारी माणसे, एवढे मिळून भीमथडी. पाऊस बेताचा, वर्षाला वीस इंचांच्या आसपास, आणि तोही लहरी. शेतीने दगा दिला तर घोड्याच्या पाठीवर पोट भरायचे, हा या मुलखाचा शिरस्ता. जिथवर ते गवत आणि ती घोडी, तिथवर भीमथडी. पुढे कोणी खांब पुरलेला नव्हता.

आता थोडी जागा समजून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. भीमा दौंडावरून येते, पेडगाव आणि सिद्धटेकला वळसे घेते आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तर-पूर्व कडेने खाली उतरते. दक्षिणेच्या कडेने नीरा येते. दोघींची गाठ पडते ती नीरा-नरसिंहपुराला. कित्येक देशस्थ घराण्यांचे कुलदैवत तिथे आहे, तेव्हा वाचकांपैकी अनेकांनी तो संगम पाहिला असेल. पुणे जिल्ह्याचे ते अगदी शेवटचे टोक. म्हणजे इंदापूर तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेला, आणि त्याच्या पश्चिमेला बारामती. बारामती गाव मात्र भीमेवर नाही. ते कऱ्हेवर आहे, आणि त्याला जवळची मोठी नदी नीरा. भीमा तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर. हे ध्यानात असू द्या.

या बेचक्यातून राजवटींच्या हद्दी कितीदा सरकल्या याचा नुसता पाढा वाचला तरी दमछाक होईल. १६३६ साली निजामशाही बुडाली तेव्हा शहाजहान आणि आदिलशहा यांनी तिचा मुलूख वाटून घेतला आणि भीमा-नीरेमधला टापू आदिलशाहीकडे आला. तहावर शिक्के उमटले आणि कालपर्यंत जी नुसती नदी होती ती सरहद्द झाली. ऐलथडीला शहाजीराजांच्या जहागिरीचे सुपे आणि इंदापूर हे परगणे, पैलथडीला मोगली अंमल. पेडगावचा बहादूरगड, जिथे १६८९ साली संभाजी महाराजांना कैद करून आणले, तो भीमेच्या पैलकाठी. त्याआधी मालोजीराजे पडले तेही इंदापूरच्या लढाईत. भोसले घराण्याच्या तीन-चार पिढ्यांचा इतिहास या एका नदीच्या दोन काठांत गुंतलेला आहे. आणि घोड्यांचे म्हणाल तर सुप्याला शिवाजीराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते ठाण मांडून होते. राजे शिमग्याची पोस्त मागायला म्हणून मामांकडे गेले आणि ठाणेच घेऊन परतले, असे सभासद सांगतो. पागेतली तीनशे घोडी त्यात हाती लागली. शिमग्याला भाच्याने मामाकडे इतकी मोठी पोस्त मागितल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पेशवाई गेली, इंग्रज आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना राज्य नेमून दिले आणि त्याची उत्तरेकडची हद्द म्हणून नीरा आणि भीमा या नद्या धरल्या. म्हणजे इंदापूरचा शेतकरी नीरेत बैल धुवायला उतरला तर तो कंपनी सरकारच्या मुलखात उभा, आणि समोरच्या काठावर त्याचा व्याही छत्रपतींच्या राज्यात.

हद्द म्हणजे केवळ नकाशावरची शाई नव्हे, हे कळायला पुढची पंधरा वर्षे पाहावीत. प्रिंगल नावाच्या साहेबाने पुणे जिल्ह्यातल्या जमिनीची मोजणी करून १८३० च्या सुमारास नवा आकार बसवला. निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ सरकारचे, असा हिशेब. कागदावर हिशेब फार देखणा होता. पण मोजणीच चुकीची, खालच्या नोकरांनी हात ओले करून घेतलेले, धान्याचे भाव पडलेले, आणि वसुली मात्र डोळे मिटून. सारा निघेना म्हणून माणसांचे हाल केले गेले. शेवटी शेतकऱ्यांनी काय केले? घरदार सोडले आणि ते शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले. इंदापुराच्या शेतांत बाभळी माजल्या. अर्ज कोणी वाचत नव्हता. हद्द ओलांडणे एवढी एकच दाद त्या माणसांच्या हातात होती आणि ती त्यांनी मागितली. पैलथडी होती म्हणून ती माणसे जगली.

सरकारचे डोळे उघडले ते ओस शेते पाहून. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन तरुण अंमलदार इंदापुरात येऊन बसले. त्यांनी मोजणी नव्याने केली, जमिनी खणून मातीची खोली पाहिली, काळी, तांबडी, बरड अशा प्रती लावल्या आणि १८३६ साली आकार कमी करून ३० वर्षांच्या हमीने बांधून दिला. मुंबई इलाख्याची सर्व्हे पद्धत म्हणून जिचे नाव झाले, तिचा पहिला धडा गिरवला गेला तो इंदापूर तालुक्यात. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती साऱ्या इलाख्याला लागू झाली. आपण आज प्लॉट घेताना जो सर्व्हे नंबर विचारतो, चाळीस गुंठ्यांचा एकर धरतो, मोजणीवाल्याची वाट पाहत बांधावर उभे राहतो, त्या सगळ्याची गंगोत्री भीमा-नीरेच्या बेचक्यात आहे. पुण्यामुंबईच्या किती फ्लॅटधारकांना हे ठाऊक असेल? इंदापूर म्हटले की आपल्याला सोलापूर रस्त्यावरचा चहा तेवढा आठवतो.

पळालेली माणसे परतली, पडीक जमीन उठली. हे त्या दोघा साहेबांचे श्रेय. ते नाकारण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट कायमची बदलली. आता शेताच्या कोपऱ्याकोपऱ्यावर हद्दीचे दगड रोवले गेले. प्रत्येक ढेकूळ कुठल्या तरी नंबरात, नंबर गावात, गाव तालुक्यात आणि तालुका जिल्ह्यात. आणि या बांधणीत सैल, वाहत्या नावांनाही कुठे तरी बसवणे भाग पडले. भीमथडीचेही तेच झाले. तिचा तालुका झाला.

तालुका भीमथडी, जिल्हा पुणे. हजारावर चौरस मैलांचा हा तालुका. त्याच्या पोटात दौंडचा पेटा. आणि कचेरी कुठे? बारामतीला! भीमेच्या नावाचा तालुका, आणि मामलेदार बसणार कऱ्हेकाठी. भीमेच्या काठचा कुळवाडी आपले भीमथडीचे काम करून घ्यायला भीमेकडे पाठ करून दिवसभर चालणार. शिवाय खुद्द भीमेला दोन बाजूंनी बिलगलेला इंदापूर तालुका भीमथडीच्या बाहेर, आणि ज्याचा भीमेशी काडीचा संबंध नाही ते सुपे भीमथडीच्या आत. कारकुनी व्यवस्थेला हसू नये म्हणतात, पण इथे हसू आवरत नाही.

या सुप्याचे नाव १८७५ साली विलायतेपर्यंत गेले. अमेरिकेतल्या यादवीने चढलेले कापसाचे भाव उतरले होते, तीस वर्षांची हमी संपून इंदापूर-भीमथडीकडचे आकार वाढवले गेले होते, आणि शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला होता. १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारी, लोकांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. त्यांना हवे होते ते कागद. वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. दंगा भीमा ओलांडून नगर जिल्ह्यात श्रीगोंदे-पारनेरपर्यंत पसरला. सरकारने चौकशी कमिशन नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्या काळच्या सरकारी कागदांत ‘भीमथडी तालुक्यातील सुपे’ असा उल्लेख आहे. आजच्या पुस्तकांत त्याच गावापुढे ‘बारामती तालुका’ लिहिलेले असते. इतिहासाचा अभ्यास करणारी पोरे बिचारी ही दोन सुपी समजतात.

कारण नाव बदलले. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये भीमथडी तालुका आहे; १९५४ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तो नाही. त्याच्या जागी दोन तालुके, बारामती आणि दौंड. कचेरीच्या गावाचे नाव तालुक्याला चिकटले आणि भीमथडी गळून पडली. कोणी निषेधाचा ठराव केल्याचे ऐकिवात नाही. आता तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत एखादे पिवळे पडलेले खरेदीखत असेल आणि त्यावर ‘तालुके भीमथडी’ अशी मोडीत अक्षरे असतील, तर हल्लीच्या कचेरीत त्या तालुक्याची चौकशी करू नका. कोणी ओळख देणार नाही. गावाचे नाव पाहा, आणि ते बारामतीत गेले की दौंडात, याचा आधी शोध घ्या. वारसाच्या नोंदी काढताना कित्येक घरांची या एका नावापायी पायपीट होते.

भीमथडी आक्रसली तशी बारामती वाढली, हाही मौजेचा भाग. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९–१७९४) जिथे आर्या रचीत बसले ते हे कऱ्हाकाठचे शांत गाव. आता लोकसभेच्या नकाशात ‘बारामती’ मतदारसंघ पूर्वेला इंदापूरपासून पश्चिमेला राजगड-तोरण्याच्या डोंगरापर्यंत पोचतो. मावळ आणि थडी एकाच नावात! शिवकाळातला कोणी उठून आला आणि त्याला सांगितले की तोरणा बारामतीत आहे, तर तो आपल्यालाच वेड्यात काढील.

परंतु नावांच्या हद्दींपेक्षा एक खरी हद्द या मुलखातून गेली आहे ती पाण्याची. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे आणि जनावरे पटापट पडली. त्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचे काम हाती घेतले गेले आणि १८८५ मध्ये त्याला पाणी आले. वीरपासून निघालेला हा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूर असा सुमारे शंभर मैल जातो. त्याला पाणी पुरवण्यासाठी भाटघरचे धरण. जुनी थडी नदीच्या काठाने जात होती, नवी थडी कालव्याच्या काठाने गेली. कालव्याच्या खाली ऊस, गुऱ्हाळे, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने आणि कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी उभे केलेले वालचंदनगर. कालव्याच्या वर सुपे-मोरगावकडे बाजरी, मटकी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. एकाच तालुक्यात दोन देश. बारामतीत सोयरीक जुळवताना आधी पत्रिका पाहत नाहीत, आधी विचारतात, “बागायतीतले का जिरायतीतले?” मी तिथे असताना एका मावशींनी सांगितले, “मोरगावच्या गणपतीला मुलगी नवस बोलती, पर लगीन माळेगावात करून मागती.” अष्टविनायकांची यात्रा करणाऱ्यांनी मोरगावहून सिद्धटेकला जाताना मोटारीच्या खिडकीतून बाहेर पाहावे. उघडा माळ, मग हिरवा पट्टा, मग पुन्हा माळ, आणि मग भीमा. हा रंगांचा नकाशा कुठल्याही सरकारी नकाशापेक्षा जास्त बोलतो.

नीरेपलीकडची पाटीही मधल्या काळात बदलत राहिली. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि समोरचा काठ इंग्रजांचा सातारा जिल्हा झाला. १८७५ साली माळशिरस तालुका साताऱ्यातून काढून सोलापूरला जोडला, म्हणजे इंदापूरकरांचे अकलूजचे पाहुणे घर न बदलता जिल्हा बदलून बसले. बारामतीसमोरचे फलटण नाईक निंबाळकरांचे संस्थान; ते विलीन झाले १९४८ साली. तोवर बारामतीहून नीरा ओलांडली की राज्य बदलत होते. या साऱ्या उलाढालीत एकच प्रघात टिकला. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर करीत सराटीला पोचते, तिथे नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घालतात आणि मग पालखी पलीकडे अकलूजकडे जाते. हल्ली तिथे पुणे जिल्ह्याचे अधिकारी निरोप देतात, सोलापूरचे स्वागत करतात. उद्या जिल्हे फिरले तरी पादुकांना स्नान मात्र तिथेच होईल.

आता मूळ थडीकडे, म्हणजे भीमेकडे येतो. जो काठ घोडी आणि गवत यांच्यासाठी नावाजला होता, त्याचे पुढे काय झाले? तो बुडाला. माढा तालुक्यात उजनीला भीमेवर धरण झाले. १९८० साली ते पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसीचा हा जलाशय दौंडापर्यंत मागे फुगतो. दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळा, माढा या तालुक्यांतली काठावरची गावे उठली. काठावरची म्हणजे नेमकी थडीची. सर्वांत काळी, सर्वांत खोल माती पाण्याखाली गेली आणि माणसे वरच्या मुरमाड माळावर जाऊन बसली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ गावासकट बुडाले. पाणी फार ओसरले की त्याचे शिखर आणि मग हळूहळू मंडप वर येतो, वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात, शहरातून लोक मोटारी घेऊन देऊळ पाहायला जातात. ज्यांचे ते गाव होते ते तेव्हा वेगळेच काही पाहतात: इथे आमचा वाडा, इथे पार, इथे आजीला पोचवले.

पाण्याकाठी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी तोच प्रश्न विचारला. “मामा, भीमथडी कुठे?” त्यांनी काठीने पाण्याकडे दाखवले. “ती काय, तळाला हाय. वरचं समदं नवं हाय, पाव्हणं.”

आणि या पाण्याची गोष्ट आणखी अवघड आहे. धरण आखले गेले ते प्रामुख्याने सोलापूरच्या दुष्काळी भागासाठी. बुडाली ती इंदापूरची थडी, आणि धरणाची भिंत, कालवे, हक्क सोलापूरकडे. २०२१ च्या एप्रिलात उजनीतून इंदापूरसाठी ५ टीएमसी पाणी देण्याचे ठरले, तेव्हा सोलापूर जिल्ह्यात आंदोलन उभे राहिले आणि मे महिन्यात तो निर्णय मागे घेतला गेला. सोलापूरकरांचे म्हणणे खोटे नाही. सांगोला-मंगळवेढ्याच्या माणसाने पाण्याची वाट किती वर्षे पाहायची? पण ज्याची जमीन त्या पाण्याखाली आहे, जो रोज उठून ते पाणी पाहतो, त्याला जिल्ह्याच्या हद्दीचे कारण सांगून परत पाठवताना सांगणाऱ्याची जीभ अडखळली पाहिजे, एवढे माझे मत आहे. ही हद्द तरी कुठे आहे? जुन्या नदीच्या पात्रातून, पाच-दहा पुरुष पाण्याखालून ती जाते. तिथे आता मासे, आणि भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे.

लोक तर ती हद्द रोज ओलांडतात. करमाळ्याकडच्या गावांना इंदापूरचा बाजार, दवाखाना, कॉलेज जवळ. रस्त्याने वळसा घालायचा तर मोठा फेरा, म्हणून नावेने येणे-जाणे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान मुले होती. पूर्वी उन्हाळ्यात ही नदी गुडघाभर पाण्यातून पायी ओलांडता येत असे, असे म्हातारी माणसे सांगतात.

राहता राहिली घोडी. पेंढारी गेले, फौजा गेल्या, १८५८ साली पुण्याहून डिकसळपर्यंत आगगाडी आली आणि तट्टाला गिऱ्हाईक उरले नाही. भीमथडीची जात संपली, असेच पुस्तकांतून लिहिले जाऊ लागले. ती संपली नव्हती. बारामती, इंदापूर, दौंड, फलटणकडच्या धनगरांनी ती ठेवली होती, कोणाला न सांगता. मेंढरांमागे चालताना बिऱ्हाड वाहायला त्यांना तसलेच घोडे लागते: उंचीला बेताचे, खायला थोडे, उन्हाला आणि मैलांना न दमणारे. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘भीमथडी’ या नावाने त्या घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. म्हणजे तालुक्याच्या दप्तरातून जे नाव निघून गेले, ते जनावरांच्या दप्तरात पुन्हा चढले.

आणि हे घोडे एका जागी राहत नाही. पावसाळ्यात ते भीमा-नीरेच्या माळावर असते. दसरा-दिवाळी झाली की मेंढरांचे वाडे हलतात. कोणी घाट उतरून कोकणात जातात, भाताच्या खाचरांत मेंढरे बसवतात आणि मृगाच्या आधी परत फिरतात. पाठीवर घोंगडी, कोंबड्यांची डालगी, वर बांधलेले एखादे तान्हे पोर, असा तो संसार पुणे, सातारा, रायगड असे जिल्हे मागे टाकत जातो. वरंध्याच्या घाटात किंवा महाडच्या रस्त्यावर तुमची मोटार अशा कळपामागे अडली तर कर्णा वाजवू नका. मुलांना खाली उतरवा आणि त्या बुटक्या घोड्याकडे नीट पाहू द्या.